लॅरी कुकची कैफियत

जेन स्मायली यांची ‘अ थाउजंड एकर्स’ ही कादंबरी १९९१ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची गोष्ट लेखिकेने प्राचीन ब्रिटनमधून उचलून अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, १९७९ सालच्या एका शेतावर आणून ठेवली आहे. म्हातारा लॅरी कुक आपल्या हजार एकरांची कंपनी करून ती तीन मुलींना द्यायचं ठरवतो. थोरली जिनी आणि मधली रोझ हो म्हणतात. धाकटी कॅरोलिन डे मॉइन शहरात वकिली करते. ती जराशी शंका काढते आणि तेवढ्यावरून बाप तिच्या तोंडावर दार लावून घेतो. इथपर्यंत लिअरच. पण गोष्ट सांगते जिनी, म्हणजे नाटकातली गॉनरिल, जिला आपण चारशे वर्षं कृतघ्न, पाषाणहृदयी लेक म्हणूनच ओळखत आलो. तिच्या सांगण्यातून हळूहळू उघड होतं, की आई वारल्यावर या बापाने थोरल्या दोघींवर, त्या शाळकरी वयात असताना, लैंगिक अत्याचार केले होते.

माझे मामा साताऱ्याच्या दिवाणी कोर्टात वकिली करत. वाटणीचे दावे चालवण्यात त्यांची हयात गेली. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. पुस्तक त्यांना मीच दिलं होतं. समासात पेन्सिलीच्या खुणा करत त्यांनी ते वाचून काढलं आणि मग आम्ही त्यावर बोललो. आमचं जमलं नाही. पण त्या बोलण्यात मला हे पुस्तक पहिल्यापेक्षा जास्त समजलं, म्हणून ते इथे मांडते आहे.

मामा : मला पहिली हरकत घ्यायची आहे ती अशी. साडेतीनशेहून जास्त पानांत लॅरी कुकच्या मनात काय चाललं आहे याचं एक वाक्य नाही. तो जेवतो, गाडी हाकतो, शिव्या देतो, कोर्टात भ्रमिष्टासारखा बोलतो. पण आतून तो कोण, हे लेखिका कळू देत नाही. ज्याच्यावर इतका भयंकर आरोप आहे त्याची कैफियतच दाखल करून घेतलेली नाही. मी नुसत्या गायीच्या गोठ्याच्या दाव्यातसुद्धा असं होऊ दिलं नसतं.

मी : मामा, मूळ नाटकात गॉनरिलची कैफियत कुठे आहे? बाप शंभर सरदार घेऊन घरात राहतो, ते धिंगाणा घालतात, नोकरांवर हात टाकतात, ही तिची तक्रार. तेवढी ती पहिल्या अंकात सांगते. त्यावर बाप काय करतो? ‘हिची कूस वांझ राहो’ असा शाप देतो. आपण शाप ऐकतो आणि बापाकडून होतो. तिने असं का वागावं, हे विचारायला चारशे वर्षांत फार थोडे थांबले.

मामा : ते मान्य. पण एकतर्फी हुकूमनाम्याला उत्तर म्हणून दुसरा एकतर्फी हुकूमनामा? शिवाय लिअरला शेक्सपिअरने फुकट सोडलेलं नाही गं. वादळात, भिजून चिंब झालेला तो म्हातारा पहिल्यांदा उघड्यानागड्या गरिबांचा विचार करतो, आपण राजा असताना यांच्याकडे पाहिलंच नाही म्हणतो. कॉर्डेलियापुढे गुडघे टेकतो. माणूस चुकतो, भोगतो आणि त्याला कळतं. मी कॉलेजात असताना डॉ. लागूंचे बेलवलकर पाहिलेत. ‘नटसम्राट’ १९७० च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलं, त्यानंतर लवकरच पाहिलं. शिरवाडकरांनी लिअरचा सांगाडा घेतला, पण म्हाताऱ्याला माणूसपण दिलं. थिएटरात माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ ढसाढसा रडत होते. लॅरी कुकसाठी कोण रडणार?

मी : कुणीच नाही. तेच तर या पुस्तकाचं म्हणणं आहे. बेलवलकरांसाठी आपण रडतो, कारण आपल्याला त्यांच्या मुलाच्या घरातलं एक वर्षही त्या सुनेच्या नजरेतून पाहायला मिळत नाही. मी ‘नटसम्राट’ला कमी लेखत नाही, ते बापाचं नाटक आहे आणि त्याने तसंच असावं. पण लिअर आपल्या मराठी मनात उतरला तो बेलवलकरांच्या वाटेने. म्हणून घरदार वाटून बसलेला म्हातारा दिसला की आपण आधी डोळे पुसतो. स्मायली आपल्याला तो हात मध्येच थांबवायला लावते.

मामा पुस्तक उघडून एक खूण केलेलं पान शोधू लागले. न्याहारीचा प्रसंग होता. जिनीचं घर वेगळं, तरी रोज सकाळी ती बापाकडे जाऊन त्याची न्याहारी करते. एके सकाळी तिथे अंडी नसतात. न्याहारी वेळेवर हवी आणि त्यात अंडी हवीत, हा बापाचा नियम. घरातून धावत जाऊन अंडी आणायची, की ‘आज अंडी नाहीत’ एवढं म्हणायचं, अशा कात्रीत ती सापडते आणि शेवटी धावत जाते. बाप खिडकीतून तिला पाहत राहतो. बोलत काहीच नाही.

मामा : हे पान मला कबूल आहे. इथे बलात्कार नाही, मारहाण नाही. छत्तिशीतली, लग्न झालेली बाई अंड्यांसाठी पळते आहे आणि बाप पाहतो आहे. एवढ्यावर मी त्या घराबद्दल हवा तो निष्कर्ष काढायला तयार होतो. मग लेखिकेला तो दुसरा आरोप कशाला घालावा लागला? तो आल्यावर बाकी सगळं त्याच्या सावलीत गेलं. लॅरी राक्षस ठरला की विषय संपला. मग जमीन, म्हातारपण, वाटणी, मुलींचा हेवा, कशाचाच विचार करायला नको.

मी : मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही असंच वाटलं होतं. पण दुसऱ्यांदा वाचताना मी विहिरीच्या पाण्याकडे लक्ष ठेवून वाचलं.

मामा : म्हणजे?

मी : जिनीला पाच वेळा गर्भपात झालेत. नवऱ्याला, टायला, तीनच ठाऊक आहेत. शेवटचे दोन तिने लपवले, एकदा तर रक्ताचे कपडे गोठ्याच्या जमिनीत पुरले. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सैन्यभरती चुकवून कॅनडात पळालेला शेजाऱ्याचा मुलगा, जेस क्लार्क, तेरा वर्षांनी परत येतो आणि तिला सांगतो, की हे तुमच्या विहिरीतल्या नायट्रेटमुळे असणार. इथल्या लोकांना वर्षानुवर्षं हे माहीत आहे. आता त्या शेताची घडण बघा. ती सगळी जमीन मुळात दलदल होती. जिनीच्या पणजोबा-आजोबांनी जमिनीखाली भाजक्या मातीचे नळ पुरून पाण्याचा निचरा केला. ही खरोखरची आयोवाची गोष्ट आहे. त्या राज्याच्या उत्तर-मध्य भागातली सुपीक जमीन अशा पुरलेल्या नळांवरच उभी आहे. वरून नत्रखत घाला, मक्याने घेतलं तेवढं घेतलं, उरलेलं नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतं. काही नळांतून ओढ्यात जातं, काही उथळ विहिरीत.

मामा : आणि त्याने खरंच गर्भपात होतात? तू तज्ज्ञ आहेस म्हणून विचारतो.

मी : जेस जितक्या ठामपणे सांगतो तितकं ठाम विज्ञान सांगत नाही. तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू वाहीनासं होऊन अंग निळं पडतं, हे पक्कं सिद्ध आहे. अमेरिकेतली मर्यादा त्यासाठीच आहे : लिटरमध्ये नत्राच्या हिशेबाने १० मिलिग्रॅम. आपल्याकडे नायट्रेटच्या हिशेबाने ४५ धरतात. हिशेब केला तर दोन्ही जवळपास एकच. गर्भपाताचा पुरावा त्यापेक्षा कच्चा आहे. इंडियाना राज्यातल्या एका काउंटीत विहिरीच्या पाण्याशी गर्भपातांचा संबंध असावा, असं अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या नियतकालिकात छापून आलं ते १९९६ मध्ये, कादंबरीनंतर. पण जिनीला पुरावा कळो न कळो, तिने ते पाणी पिऊन झालं आहे. आणि आता हॅरल्डचे डोळे आठवा.

मामा : तो अमोनियाचा अपघात?

मी : हो. लिअरमध्ये ग्लॉस्टरचे डोळे काढतात. इथे जेसचा बाप हॅरल्ड शेतात निर्जल अमोनिया सोडत असताना नळी सुटते आणि फवारा थेट त्याच्या डोळ्यांत जातो. तो वायू पाण्यासाठी इतका हपापलेला असतो, की ओलावा दिसेल तिथे घुसतो. म्हणून यंत्रावर धुवायला पाण्याची टाकी ठेवायचीच असते. टाकी रिकामी असते. रोझच्या नवऱ्याने, पीटने, ती आधीच रिकामी करून ठेवलेली असते. मामा, ज्या नत्राने हॅरल्ड आंधळा झाला तेच नत्र जिनीच्या विहिरीत उतरलं आहे. एकाच पिंपातून आलेलं. हे लेखिका कुठेही बोट ठेवून सांगत नाही. माझ्या कामाच्या टेबलावर रोज येणाऱ्या आकड्यांमुळे मला ते दिसलं आणि मी पुस्तक खाली ठेवून उठले.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी : म्हणून मला वाटतं, तो आरोप वरून चिकटवलेला नाही. जमीन आपली, ती हवी तशी वापरायची. मुली आपल्या, त्याही तशाच. शेजाऱ्याचं शेत अडचणीत येण्याची वाट पाहून घ्यायचं, पाण्यात काय उतरतं ते विचारायचं नाही, आणि मुलींच्या खोलीत काय घडलं तेही कुणी विचारायचं नाही. गावातले सगळे लॅरीला नमुनेदार शेतकरी मानतात, कारण त्याचे बांध स्वच्छ आहेत. ते खोटं नाही. त्याचे बांध स्वच्छच आहेत.

मामा : मग कोर्टाचा भाग तुला आवडला असणार. मला तो सगळ्यात खरा वाटला. बाप आणि कॅरोलिन मिळून दावा लावतात, की मुलींनी शेत नीट चालवलं नाही म्हणून ते परत द्या. मुलींचा वकील काय सल्ला देतो? वेळेवर उठा, शेत निगुतीने ठेवा, लोकांच्या डोळ्यांवर येईल असं काही करू नका. कारण कोर्टापुढे प्रश्न एकच : शेती नीट चालली आहे का? बापाने काय केलं, मुलींनी बापाला वादळात घराबाहेर जाऊ दिलं का, यातलं काहीच कोर्टापुढे नाही. आणि निकाल मुलींकडून लागतो. मी हे आयुष्यभर पाहिलं. माणसं भांडायला येतात ते एका गोष्टीवरून, दावा उभा राहतो दुसऱ्याच गोष्टीवर, आणि निकाल जिंकूनही कुणी सुखाने घरी जात नाही.

मी : आपल्याकडे असता तर लॅरी जिंकला असता?

मामा : सांगता येत नाही. आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे, माझा सांभाळ कराल या अटीवर आईबापाने मालमत्ता दिली आणि पुढे मुलांनी सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. कायदा चांगला आहे, मी स्वतः दोन म्हाताऱ्यांना त्याचा आधार मिळवून दिला आहे. तू हे पुस्तक देईपर्यंत मला त्या कलमाची एकच बाजू दिसायची, हे मात्र खरं. लॅरीसारखा अर्जदार आला आणि मुलगी सांभाळायला नकार देते आहे, तर ती नकार का देते, हे विचारायची जागा त्या अर्जात कुठे असते? मी मुलीला विचारलं असतं का? बहुतेक नसतं विचारलं.

मी : आणि तरीही तुम्हाला लॅरीची कैफियत हवी?

मामा : हवीच. आता तर जास्त हवी. तू कुरोसावाचा ‘रान’ पाहिला आहेस ना, १९८५ चा? तोही लिअरच. त्यात मुलींच्या जागी मुलगे. त्या म्हाताऱ्याने तरुणपणी सुनांची माहेरं कापून काढलेली, एका सुनेच्या भावाचे डोळे काढलेले. सगळं पाप पडद्यावर मांडलेलं आहे. तरीही जळत्या किल्ल्यातून तो एकटा पायऱ्या उतरतो तेव्हा कुरोसावा त्याचा चेहरा आपल्याला पाहू देतो. पाप लपवलं नाही आणि माणूसही पुसला नाही. हे जमू शकतं, एवढंच माझं म्हणणं.

मी : कुरोसावाचा कॅमेरा बाहेर उभा आहे, मामा. जिनी त्या घरातच वाढली. तिला तर ते आठवतही नव्हतं. रोझ वादळाच्या रात्री सांगते, तेव्हा जिनी नाकारते. नंतर बापाच्या घरात, आपल्या जुन्या खोलीत, जुन्या पलंगावर ती आडवी होते आणि मग शरीराला आठवतं. जी इतकी वर्षं स्वतःच्याच आत डोकावू शकली नाही, ती बापाच्या आत काय डोकावणार? आणि लॅरी वेडा होतो, याचा अर्थ नीट बघा. लिअर वेडा होतो आणि त्याला जग दिसू लागतं. लॅरीची स्मृती जाते आणि तो सुटतो. कोर्टात तो सांगतो की कॅरोलिन मेली. ती समोर बसलेली असते. रोझला त्याच्याकडून फक्त एक हवं होतं : त्याने कबूल करावं. ते मिळण्याचा रस्ताच बंद होतो. शेक्सपिअरला दिलेलं इतकं कठोर उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मामा : म्हणजे रोझलासुद्धा त्याची कैफियत हवी होती.

मी : हो. हवी होती.

मामा : मग आपलं तेवढं जुळलं.

यानंतर आमचं बोलणं शेतावर गेलं. दोघांनाही त्याचं वाईट वाटत होतं. १९७९ हे साल लेखिकेने नेमकं निवडलं आहे. जमिनीचे भाव चढत होते, बँका आपण होऊन कर्ज देत होत्या, आणि टायने डुकरांच्या मोठ्या गोठ्यांसाठी ते काढलं. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॉल वोल्कर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले, महागाई मोडण्यासाठी व्याजदर वर गेले आणि १९८० संपेपर्यंत तिथल्या बँकांचा मूळ दर २० टक्क्यांच्या पुढे पोचला. आयोवातल्या जमिनीची किंमत १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत निम्म्याहूनही खाली आली. कादंबरीतले कुक १९७९ च्या त्या उन्हाळ्यात संध्याकाळी एकत्र बसून मोनोपॉली खेळतात, खोटी घरं आणि खोट्या जागा विकत घेतात. पुढे पीट दारू पिऊन गाडीसकट खाणीच्या पाण्यात जातो, जेस निघून जातो, टायही जातो, आणि चार पिढ्यांनी जोडलेली जमीन शेवटी एका मोठ्या कंपनीच्या ताब्यात जाते. जिनीच्या वाट्याला करापोटी देणं येतं आणि ती मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये हॉटेलात वाढपीण म्हणून काम करून ते फेडत राहते.

मामांची दुसरी हरकत जिनीबद्दल होती. ती त्यांनी जोर देऊन मांडली आणि मला ती फार टोलवता आली नाही.

मामा : तुझी जिनी काही धुतल्या तांदळासारखी नाही. जेसचं मन रोझकडे वळलं म्हणून तिने सख्ख्या बहिणीला मारायला विषारी मुळं शिजवून सॉसेजच्या बरण्या भरल्या. कर्करोगाने एक स्तन गमावलेली बहीण! रोझने त्या खाल्ल्या नाहीत हा योगायोग. बाप मुलींना आपली चीज समजत होता, आणि ही बहिणीच्या जिवाचा निवाडा एकटीने करून मोकळी झाली. रक्तात काय उतरलं, ते विहिरीत शोधायची गरजच नाही.

मी : लेखिकेने ते लपवलेलं नाही.

मामा : नाही लपवलं, म्हणून तर मी हे पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. तिने जिनीला निर्दोष ठरवलं असतं तर मी अर्ध्यात मिटलं असतं.

मी : आणि शेवटी रोझ गेल्यावर जिनी ती बरणी सापडवून सिंकमध्ये रिकामी करते. रोझच्या दोन्ही मुलींना, पॅमी आणि लिंडाला, आपल्याकडे घेऊन जाते. त्या मुलींच्या घरात आता विष नाही.

मामा : तिथेच माझा तिसरा मुद्दा आहे. रोझ गेल्यावर जिनी आणि कॅरोलिन घरातल्या वस्तू वाटून घ्यायला भेटतात. बाप आधीच गेलेला. कॅरोलिन बापाच्या गोड आठवणी काढते. तिच्यासाठी तो चांगलाच होता. तिला दोघींनी आईसारखं वाढवलं, आणि रात्री त्या दाराच्या आड काय होतं ते तिला कळलं नाही. जिनीजवळ आता सांगायची वेळ आहे. एकच साक्षीदार उरली आहे ती. आणि ती सांगत नाही! कॅरोलिन ऐकायला तयार नसते आणि जिनी गप्प राहते. मी तिथे पेन्सिल मोडेपर्यंत रेघ मारली आहे.

मी : पण तुम्ही तर लॅरीची बाजू घेत होता.

मामा : मी बाजू घेत नव्हतो. मला सगळं दप्तरी यायला हवं होतं. त्याचं म्हणणं यायला हवं होतं आणि हिचीही साक्ष व्हायला हवी होती. रोझ मरताना काय सांगते? माझ्या हातून आयुष्यात मोठं काही झालं नाही, पण जे माफ करण्यासारखं नव्हतं ते मी माफ केलं नाही. त्या बाईची तेवढीच मिळकत. ती कॅरोलिनपर्यंत पोचवायचं काम जिनीचं होतं. तिने ते केलं नाही म्हणून कॅरोलिनच्या लेखी दोघी बहिणी बापाला देशोधडीला लावणाऱ्याच राहिल्या. गॉनरिल आणि रीगनच राहिल्या.

मी : जिनीने सांगितलं असतं तर कॅरोलिनकडे काय उरलं असतं? लहानपणी तिला त्या बापापासून सांभाळलं ते याच दोघींनी. ते सांभाळणं इतक्या वर्षांनी, भांडीकुंडी वाटताना, कशाला मोडायचं?

मामा : रोझसाठी.

मी : रोझ गेली होती, मामा. जिनीला घरी दोन मुली होत्या.

मामा : त्या मुलींनीही एक दिवस विचारलंच असतं की, आमच्या आईचं आजोबांशी का पटत नव्हतं. मग काय सांगणार होती ती?

मी : ते पुस्तकात नाही.

मामा : नाहीच. मी पुन्हा एकदा शेवटची चाळीस पानं वाचून पाहिली.